न धुतलेला रोल

शाळेत आम्ही फोटो 'खींचत' असू आणि घरी 'काढत' असू. बाघ नदीच्या या काठाला, आमच्या राजेगावात, बरीचशी क्रियापदे अशी दोन-दोन बाळगावी लागतात. एक वर्गातले, एक ओसरीवरचे. रोलच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचे एकमत होते. रोल 'धुवायचा'च असे. जणू तो मळलेला सदरा! 'रोल धुवायला टाकला का?' ही चौकशी लग्नानंतर महिना-दोन महिने दोन्हीकडचे व्याही एकमेकांकडे करीत असत. फोटो काढणारा घरचा असे, धुणारा गोंदियाचा किंवा बालाघाटचा. धुणारा पडद्यामागे काय करतो हे कोणी विचारले नाही. मीही नाही. ते शिकण्याची वेळ वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आली.

बाबूजी २०१६ च्या मार्चमध्ये गेले. तेरवी आटोपल्यावर दादा, ताई आणि मी त्यांची लोखंडी पेटी घेऊन बसलो. प्राथमिक शाळेतल्या मास्तरच्या पेटीत जे निघायचे तेच निघाले: सेवापुस्तिकेच्या नकला, शेतीच्या पावत्या, दोन शाईची पेने. तळाशी धोतरात गुंडाळलेला कॅमेरा होता, आग्फा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला हा काळा डबा एके काळी मध्यमवर्गीय घरांतून फार दिसत असे. एकशे वीस नंबरचा रोल, त्यावर बारा चौकोनी फोटो. अंतर जुळवायची भानगड नाही. समोरच्या खुणांपैकी ऊन की ढग एवढे ठरवायचे आणि खटका दाबायचा. पाठीमागे एक तांबडी खिडकी असते, तिच्यातून कितवा फोटो चालू आहे तो आकडा दिसतो.

खिडकीत नऊचा आकडा होता. म्हणजे आत रोल होता. कॅमेऱ्याच्या बुडाला जखमेवर लावतात ती चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बाबूजींच्या अक्षरात लिहिले होते, 'दिवाली ८४'. ळ नव्हे, ल. जन्मभर फळ्यावर हिंदी लिहिणाऱ्या हाताने घरच्या सणालाही हिंदीच करून टाकले होते. मी मराठीचा एम. ए.; एरवी मी ही चूक दाखवली असती.

ताई एकदम म्हणाली, "यात आई आहे."

ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. चौऱ्याऐंशीची दिवाळी हा तिचा दिवाळसण होता. भाऊजी पहिल्यांदा आले होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बाबूजी सगळ्यांना नदीवर घेऊन गेले आणि त्यांनी आईचे फोटो काढले, असे तिला स्पष्ट आठवत होते. मी त्या दिवशी घरी नव्हतो. दिवाळीनंतर आपल्या भागात गावोगाव मंडई भरते. मी नदीपलीकडे दंडार बघायला पळालो होतो. पंधरा वर्षांच्या मुलाला आईच्या फोटोपेक्षा दंडार मोठी असते. दिवाळीला आठवडा होतो न होतो तोच इंदिराजींच्या हत्येची बातमी आली, बाजार बंद झाले, रोल कॅमेऱ्यातच राहिला. डिसेंबरात आई अंथरुणाला खिळली आणि जानेवारीत गेली. बाबूजींनी त्यानंतर कॅमेरा हातात घेतला नाही. उरलेले तीन फोटो त्यांनी काढले नाहीत आणि काढलेले धुतलेही नाहीत. का, ते आम्ही त्यांना विचारले नाही. आम्हाला ठाऊकच नव्हते.

आईचा एकच फोटो आमच्याकडे आहे. मामेभावाच्या लग्नातला, तिसऱ्या रांगेत, पुढच्या बाईच्या अंबाड्याआड अर्धा चेहरा. तेव्हा पेटीभोवती बसलेल्या तिघांना काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

रोल धुणार कोण? एका स्टुडिओवाल्याने तो हातात घेऊनसुद्धा पाहिला नाही. "सर, आता सगळे कार्डावर," म्हणाला. दुसऱ्याने धुवायच्या टाक्या केव्हाच भंगारात दिल्या होत्या. दादाचे म्हणणे, मुंबईला कोणी जाणकार शोधू आणि पाठवू. मी म्हणालो, टपालात गहाळ झाला तर? क्ष-किरणांखालून गेला तर? कारणे खरी होती, पण खरे कारण ती नव्हती. हेडमास्तर माणसाला वाटते की जे पुस्तकात लिहिले आहे ते आपल्याला येईलच. दादाने वाद घातला नाही. "तू कर," म्हणाला.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. खटका दाबला की प्रकाश लागलेल्या कणांत किंचितसा बदल होतो, इतका किंचित की डोळ्यांनाच काय, भिंगालाही दिसू नये. ही सुप्त प्रतिमा. फोटो खरा त्या क्षणी निघालेला असतो, फक्त दिसत नाही. रसायन त्याला वाढवते. पण न धुता ठेवले तर उष्णतेने आणि दमटपणाने ती खूण पुसट होत जाते, आणि प्रकाश न लागलेले कणही हळूहळू काळे पडण्याच्या मार्गाला लागतात. स्वीडनचा आंद्रे १८९७ साली दोन सोबत्यांसह फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि तिघेही बर्फात मेले. त्यांचा तळ १९३० साली सापडला, कॅमेऱ्याच्या फिल्मसकट. स्टॉकहोमच्या जॉन हर्ट्झबर्गने त्या धुतल्या आणि २४० पैकी ९३ फोटो वाचवले. हे वाचून मी दोन दिवस हवेत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की त्या फिल्म तेहतीस वर्षे बर्फात होत्या. आमची पेटी कौलाखाली, बालाघाटच्या बत्तीस उन्हाळ्यांत.

रोल एकच आणि संधीही एकच. म्हणून ठरवले की आधी त्याच कॅमेऱ्याच्या जोडीच्या दुसऱ्या कॅमेऱ्याने दुसरे रोल काढायचे, बिघडवायचे, धुवायचे. हात बसला की बाबूजींच्या रोलला हात लावायचा. नागपूरच्या जुन्या बाजारातून आणखी एक क्लिक थ्री मिळवला. मुंबईहून इलफोर्डचे एफपी फोर मागवले. एका रोलच्या पैशात आमच्या घरी आठवड्याची भाजी येते, हे सौभाग्यवतीने पहिल्याच दिवशी सांगून ठेवले.

काढायचे काय? नदीच. ती जवळ आहे आणि कंटाळत नाही. माणसांवर प्रयोग करायला माणसे तयार नसतात.

क्लिक थ्रीत खटक्याचा आणि रोल पुढे सरकवण्याच्या चावीचा एकमेकांशी संबंध नाही. चावी विसरलात तर एकाच जागी दुसरा फोटो बसतो. आमच्या लहानपणी हा अपराध होता. जावयाच्या डोक्यातून झाड उगवलेले फोटो कितीतरी घरांत लपवून ठेवलेले असतील. मी मुद्दाम तेच करू लागलो. आपल्या काठावरून गोंदियाचा काठ काढायचा, चावी न फिरवता पुलावरून पलीकडे जायचे आणि तिकडून आपला काठ काढायचा, त्याच चौकोनात. निघालेल्या चित्रात पाणी दुप्पट पांढरे झाले होते आणि दोन काठांची झाडे एकमेकांत घुसली होती. नववीच्या वर्गात दाखवले. अर्धा वर्ग म्हणाला मध्य प्रदेश, अर्धा म्हणाला महाराष्ट्र. मागच्या बाकावरचा एक पोरगा पुढे आला, वीटभट्टीच्या धुरावर बोट ठेवून म्हणाला, "सर, ये हमारी भट्टी है. आणि हा मोह मामाचा." त्याने दोन्ही काठ वेगळे करून दाखवले. पोराला गणितात काठावर पास करावे लागे.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बाबूजींचे शिक्षण नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात झाले आणि नोकरी भोपाळ राजधानी असलेल्या प्रांतात. घर हलले नाही. नंतर १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया निघाला. या विषयावर या अंकातून पूर्वी पुष्कळ लिहून झाले आहे, मी थांबतो.

दुसरा प्रयोग गॅस वेल्डिंगच्या चष्म्याच्या हिरव्या काचेचा. बसस्थानकाजवळच्या वेल्डरकडून ती घेतली आणि भिंगापुढे चिकटवली. आता उजेड इतका कमी आत येतो की संध्याकाळी एका खटक्याने काहीच उमटत नाही. मग स्टुलावर वाळूची पिशवी, पिशवीत कॅमेरा रोवलेला, आणि एकाच चौकोनावर सोळा वेळा खटका दाबायचा, मिनिटा-मिनिटाने. स्थिर वस्तू सोळाही वेळा त्याच जागी येते आणि ठसठशीत उमटते. हलणारी वस्तू प्रत्येक वेळी वेगळ्या जागी, म्हणून कुठेच नाही. पाणी दुधासारखे होते. पुलावरची वाहतूक नाहीशी होते. भर बाजाराच्या दिवशी पूल ओसाड. एकदा पलीकडच्या धानाच्या बांधीत सारसाची जोडी उतरली होती. आता हे पक्षी आपल्या या दोन जिल्ह्यांच्या पट्ट्यात थोडेच उरले आहेत, म्हणून श्वास रोखून सोळा वेळा दाबले. चित्रात बांधी आली, सारस नाहीत.

रोज जाळे टाकायला येणारा एक म्हातारा ढीवर हे सगळे बघत असे. "गुरुजी, रोज नदीचाच फोटू काढता. ते का पळून चालली का?" म्हणायचा. त्याला एक चित्र नेऊन दाखवले. त्याचा डोंगा खुंट्याला बांधलेला, स्पष्ट. तो स्वतः डोंग्यात उभा राहून जाळे झटकत होता, तो नव्हता. त्याने चित्र उलटसुलट करून पाहिले. "डोंगा आला, मग मी कोठं गेलो?" मी त्याला सोळा खटक्यांचे शास्त्र समजावून सांगितले. त्याचा राग गेला नाही.

घरीही विरोध होताच. "अहो, एका झाडाकडे तासभर बघायला काय आहे?" मी फाळक्यांचा दाखला दिला. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा लावून त्याच्यापुढे महिनाभराहून अधिक काळ कॅमेरा मांडला होता. वेल उगवताना दिसणारा तो इवलासा चित्रपट पाहून त्यांना पैसे देणारा माणूस मिळाला, आणि पुढे 'राजा हरिश्चंद्र' झाला. "तुम्हाला कोण देणार आहे?" सौभाग्यवतीने विचारले. यावर दाखला नव्हता.

धुण्याचे रसायन मी घरीच करायचे ठरवले. अमेरिकेतल्या रॉचेस्टर येथील तंत्रसंस्थेत १९९५ साली प्राध्यापक स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॉफीने फिल्म धुवून दाखवली होती. झटपट कॉफी आणि धुण्याचा सोडा. पुढे लोकांनी त्यात 'क' जीवनसत्त्वाची भर घातली. कॉफीतली काही द्रव्ये चांदीचे कण मोकळे करतात, सोडा त्यांना जोर देतो. माझा पहिला रोल काचेसारखा कोरा निघाला, कारण मी खाण्याचा सोडा वापरला होता. दुसऱ्याला औषधाच्या दुकानातल्या चघळायच्या संत्री गोळ्या कुटून घातल्या, तो अर्धवट. तिसऱ्याला चिकोरी मिसळलेली कॉफी. चौथ्यापासून जमू लागले. वासाबद्दल मी फार लिहीत नाही; गोठा आणि हॉटेल एकत्र केल्यासारखा तो असतो. शेवटच्या पाण्यासाठी लागणारा हायपो आणि जुन्या फिल्मचा काळेपणा दाबणारे पोटॅशियम ब्रोमाइड शाळेच्या प्रयोगशाळेत होते, पण हेडमास्तरनेच शाळेच्या बाटलीला हात लावायचा म्हणजे स्टॉक रजिस्टरात काय लिहिणार? ते मी गोंदियाहून विकत आणले.

अंधारखोली म्हणजे आमची धानाची कोठी, खिडकी नसलेली. या फिल्मला तांबडा दिवाही चालत नाही. डोळे असून नसल्यासारखे करून, बोटांनी, फिल्म चक्रीवर चढवायची असते. एक रोल मी फोटो काढून पंधरा दिवस पत्र्याखाली तापत ठेवला आणि मग धुतला. धुरकट, पण नदी दिसत होती. यातून दोन गोष्टी पक्क्या कळल्या. क्लिक थ्रीचा खटका संथ असतो, भर उन्हात तो गरजेपेक्षा पुष्कळ जास्त उजेड आत घेतो आणि जास्त उजेड खाल्लेली फिल्म जास्त टिकते. म्हणजे आशा होती. आणि दुसरे, तापलेल्या फिल्मला कोमट रसायन चालत नाही. वीस अंश म्हणजे वीस अंश. पाणी गरम असले की पुसट चित्रही काळोखात बुडते. हे मी वहीत तांबड्या शाईने लिहून ठेवले होते. वही अजून आहे.

आता जे लिहायचे आहे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

सात रोल झाले तेव्हा फेब्रुवारी उलटत होता. शहाणपण सांगत होते की पुढच्या थंडीपर्यंत थांब. पण मार्चमध्ये बाबूजींचे वर्षश्राद्ध होते, दादा आणि ताई दोघेही येणार होते. पंगत उठल्यावर मी आईचा फोटो त्यांच्यापुढे ठेवतो आहे हे दृश्य माझ्या मनात इतके पक्के बसले होते की ते एक वर्ष लांबवणे मला सहन होईना. गोंदियाहून थर्माकोलच्या डब्यात बर्फ आणून ठेवला. वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री, पाहुणे निजल्यावर, कोठीत शिरलो, अंधारात बाबूजींचा कॅमेरा उघडला. बत्तीस वर्षे गुंडाळलेली फिल्म स्प्रिंगसारखी वळत होती. बाहेरचे टोक पाठीच्या कागदाला चिकटले होते. ते सोडवताना मी ओढले. किती जोराने ओढले ते मी आजही बोटांत आठवून पाहतो. कसेबसे टाकीत घालून झाकण लावले आणि दिव्यात आलो. बर्फाचा डबा उघडला तर तळाशी पाणी. दुपारी आलेल्या पाहुण्यांना त्या बर्फाचे लिंबूसरबत झाले होते. दोष कोणाला द्यायचा? सरबत मीही प्यालो होतो.

माठातले पाणी मोजले, अठ्ठावीस अंश. फिल्म टाकीत सुरक्षित होती. झाकण लावून ती तशीच आठ महिने ठेवता आली असती. निदान सकाळी बर्फ येईपर्यंत तरी. मी वेळ कमी केला आणि कॉफी ओतली.

पाठीच्या कागदावरून कळले की फिल्म ओर्वोची होती, पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनची. वोल्फेनचा कारखाना मुळात आग्फाचाच. महायुद्धानंतर देशाची फाळणी झाली तेव्हा तो पूर्वेकडे गेला आणि १९६४ मध्ये त्याच्या मालाचे नाव बदलले. एका फुटलेल्या घराचा कॅमेरा आणि त्याच घराची फिल्म आमच्या धोतरात एकत्र झोपली होती. हे त्या रात्री सुचले नव्हते. त्या रात्री मी ओली फिल्म कंदिलापुढे धरून उभा होतो.

पाचव्यापासून पुढे सगळे काळे होते. नवव्यापर्यंत काहीच नाही. आतल्या वळणांतले, घट्ट गुंडाळीने राखलेले पहिले चार मात्र धुरातून यावे तसे आले होते. नदी. पलीकडचा काठ. डाव्या हाताला जांभळाचे झाड आणि पाण्यात पाय घातल्यासारखा खडक. चारही वेळा तेच, थोडे इकडे, थोडे तिकडे. कागदावरचा दोनचा आकडा आकाशात उमटला होता. माणूस एकही नाही.

दुसऱ्या दिवशी पंगतीनंतर मी ती फिल्म ताईच्या हातात दिली. बराच वेळ ती उजेडाकडे धरून होती. मग म्हणाली, "आई लाजत होती रे. कॅमेरा रोखला की पदर सारखा करायची, तोंड फिरवायची. म्हणून बाबूजी आधी नदीचेच काढत राहिले. तिला म्हणाले, तुझा नाही काढत, नदीचा काढतो. ती सावरली, मग तिचे काढले."

म्हणजे पाचव्यापासून.

पाणी वीस अंश असते तर ती आली असती का? मुंबईच्या जाणकाराने टोक ओलवून सोडवले असते का? बाहेरची वळणे हवेने आधीच गेली होती, असेही असेल. मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचार केला आहे. दादा जाताना एवढेच म्हणाला, "बर्फ मी आणला असता सकाळी." त्यानंतर त्याने हा विषय काढलेला नाही. ताईने दुसऱ्या नंबरची नदी मोठी करून घेतली आणि तिच्या घरी लावली आहे; आलेला-गेलेला विचारतो हे कुठले, तर ती म्हणते माहेर.

बाबूजींच्या कॅमेऱ्यात मी नंतर दोन-तीन वर्षे रोल घातला नाही. मग घातला. जांभूळ आता नाही, पण खडक आहे; त्यावरून ते कुठे उभे होते ती जागा मी शोधून काढली. वर्षातून एखादा रोल तिथला असतो.

या वर्षी नवरात्रात ताई आली होती. आता ती त्रेसष्ट वर्षांची आहे. संध्याकाळी तिला घेऊन गेलो. स्टूल, वाळूची पिशवी, हिरवी काच. खडकाजवळ आई कुठे उभी होती ते तिने दाखवले आणि मग स्वतःच तिथे उभी राहिली.

"किती वेळ?" तिने विचारले.

"सोळा वेळा दाबतो तोवर."

"हलले तर?"

"तर येणार नाहीस."

पहिल्या खटक्याआधी तिने पदर सारखा केला. मग हलली नाही. ढिवराचा नातू डोंगा घेऊन मधून गेला, पुलावरून बस गेली, दिवे लागले.

रोल कॅमेऱ्यातून काढून डब्यात ठेवला आहे. ताईचे दोनदा फोन आले. थंडी पडू दे, म्हटले.